हातचा

क्लायपेडाच्या बंदराजवळ, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर,
दिवे मालवलेल्या खोलीत
आम्ही दोघं हृदयं वाचतो,
वायदोतास आणि मी.
मध्ये एक किटली, एक पडदा,
आणि नऊ वर्षांची न भांडलेली भांडणं.

डाव्या जवनिकेची कड गिरवायची असते.
एकदा ती पुरती भरलेली असताना,
एकदा आवळलेली असताना.
राखाडी धुक्यात काहीतरी पांढुरकं हलतं;
त्याला काठ आहे, असं धरून चालायचं.

वायदोतास काठ बाहेरून घेतो,
स्नायूंच्या गाठीगुठळ्या सगळ्या रक्तात जमा करतो.
मी बांध जरा आतून कोरते.
त्याचं हृदय नेहमी ऐसपैस, थोडं आळशी,
माझं आटोपशीर, कामसू.
मापात पाप कुणाच्याच नाही.
तरी बेरीज जुळत नाही.

रिमगाउदास, वय अठ्ठावन्न, बंदरातला क्रेनवाला.
बंदराच्या फॉर्मवर पन्नासची रेघ आहे:
वर असलात तर शिडी चढा,
खाली असलात तर गोदामात बसून पावत्या फाडा.
वायदोतास म्हणाला, सत्तेचाळीस.
मी म्हणाले, बावन्न.
किटली उकळून आपोआप बंद झाली,
कुणी उठलं नाही.

मग काउनासहून पत्र आलं:
जुन्या साठ फिती पुन्हा वाचा,
नावं पुसलेली, क्रम पिसलेला,
एकमेकांशी न बोलता.
सहा आठवडे आम्ही शाळेतल्यासारखं
कोपर आडवं धरून मोजत राहिलो.

निकालाच्या तक्त्यात मी आधी त्याच्या चुका शोधल्या.
खोटं कशाला बोलू.
तिथे एकोणचाळिसाव्या ओळीत रिमगाउदास होता.
या खेपेला वायदोतास: एक्कावन्न.
आणि मी, आतून बांध कोरणारी मी:
अठ्ठेचाळीस.

मी पुन्हा पाहिलं. रकाना चुकला असेल.
रकाना बरोबर होता.
कुठल्याशा दुपारी, कदाचित जेवणानंतर,
आम्ही एकमेकांच्या बाजूला निघून गेलो होतो
आणि वाटेत भेटलोही नव्हतो.

त्याच्याशी न पटणं मला ठाऊक होतं.
त्याची सवय होती, जवळजवळ आधार होता.
पण ही कोण,
जी माझ्याच खुर्चीत बसून,
माझाच माउस धरून
माझ्याहून चारने कमी सांगते?

रिमगाउदास निकालाला आला तेव्हा टोपी हातातच होती.
मी त्याला चारही आकडे दाखवले.
असं करायचं नसतं.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
म्हणाला, बाई, वर केबिनमध्ये बसलो की
खाली आकडा झुलत असतो.
नवा पोरगा तो थांबायची वाट बघतो.
तो थांबत नाही. समुद्रावरून वारा असतोच.
मी झोका मोजतो,
आणि मधोमध आला की सोडतो पेटी खाली.
दर वेळी बोटभर इकडेतिकडे होते.
बोटभर चालतं. जहाज तेवढं सोसतं.

आणि माझं हे, त्याने छातीकडे न बघता विचारलं,
किती सोसतं?

त्याला पुन्हा टेबलावर आडवं केलं.
वायदोतासने जेल गरम करून लावलं, एरवी लावत नाही.
एकाऐवजी पाच ठोके घेतले.
एक त्याने गिरवला, एक मी,
तिसऱ्याला दोघांनी पडद्यावर बोट ठेवून
इथे, नाही, इथे, असं मोठ्यांदा भांडलो.
नऊ वर्षांत पहिल्यांदाच.
उरलेल्या दोघांवर भांडण संपायला अंधार पडला.

सरासरी एकोणपन्नास पूर्णांक आठ.

फॉर्मच्या चौकटीत दोनच अंकांना जागा.
वायदोतासने पेन माझ्याकडे सरकवलं.
मी पन्नास लिहिले,
आणि चौकटीच्या डोक्यावर, अगदी बारीक,
पहिलीतल्या पोरी हातचा लिहितात तसं:
अधिक-उणे पाच.

बंदराच्या कचेरीत ते कुणी वाचेल की नाही, माहीत नाही.